क्वांटम सर्किट: गेट मोजण्याआधी वेळ मोजा

सिम्युलेटरवर सर्किट चालतं, उत्तर हवं तसं येतं. तेच सर्किट खऱ्या मशीनवर पाठवलं की निकाल विस्कटतात. क्वांटम प्रोग्रॅमिंग शिकणारा जवळपास प्रत्येक जण इथे अडकतो. मग कोणीतरी सांगतं, गेट कमी करा. गेट कमी होतात, पण निकाल काही फारसा सुधारत नाही. मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं असोत, की ऐरोली-पवईच्या आयटी ऑफिसांत दिवसभर पायथन लिहून संध्याकाळी हे शिकणारी मंडळी असोत, प्रश्न तोच येतो: ‘सर, चाळीसचे तीस गेट केले, मग फरक का पडला नाही?’

उत्तर बहुतेक वेळा घड्याळात सापडतं. क्यूबिट काम करताना बिघडतो, तसा नुसता थांबलेला असतानाही बिघडतो. म्हणून सर्किट सुधारायचं तर त्यात किती गेट आहेत यापेक्षा कोणता क्यूबिट किती वेळ ताटकळतो, आणि त्याचं मापन कधी होतं, हे आधी बघायला शिकावं. हा लेख त्यासाठीच आहे. एच गेट, सीनॉट आणि मापन म्हणजे काय एवढं ठाऊक असेल, तर पुढचं सगळं एका साध्या लॅपटॉपवर करून पाहता येतं.

पायरी १: सामान

८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. २५ क्यूबिटांची पूर्ण अवस्था साठवायला साधारण अर्धा जीबी लागतो, आणि आपल्याला इथे नऊच्या वर जायचं नाही. पायथनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि त्यात क्विस्किट (आयबीएमची क्वांटम प्रोग्रॅमिंगची लायब्ररी), क्विस्किट एअर (तिचा सिम्युलेटर) आणि चित्रांसाठी मॅटप्लॉटलिब घाला. पायटिकेट आणि पायझेडएक्स ही सर्किट सुधारणारी टूल नंतर लागतील. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची.

एक इशारा. क्विस्किटची १.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४मध्ये आली आणि तिच्यात बऱ्याच जुन्या गोष्टी काढून टाकल्या गेल्या. नेटवरच्या एखाद्या धड्यात ‘एक्झिक्यूट’ नावाचं फंक्शन दिसलं, की तो धडा जुना आहे असं समजा आणि सोडून द्या. त्यातला कोड दुरुस्त करत बसण्यात संध्याकाळ जाते, हाती काही लागत नाही.

खरं मशीन सध्या नको. क्विस्किटमध्ये ‘जेनेरिक बॅकएंड व्ही-टू’ नावाचा खोटा बॅकएंड, म्हणजे मशीनची नक्कल, आहे. त्याला क्यूबिट किती आणि कोण कोणाला जोडलेला, हे आपण सांगायचं. गेटच्या वेळा आणि चुकांचे दर तो कल्पित भरतो, पण सराव करायला ते चालतं. ८ क्यूबिटांची एक सरळ रांग बनवा: ० शेजारी १, १ शेजारी २, असं ७ पर्यंत. पुढचा सगळा खेळ या रांगेवर.

पायरी २: एकच सर्किट दोन तऱ्हांनी लिहा

आठ क्यूबिटांची जीएचझेड अवस्था घेऊ, म्हणजे सगळे शून्य आणि सगळे एक यांचं सुपरपोझिशन. पुस्तकी पद्धत अशी: क्यूबिट ०वर एच, मग ०वरून १वर सीनॉट, १वरून २वर, असं करत ७ पर्यंत साखळी. सात सीनॉट, आणि प्रत्येकाला आधीचा संपेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे सात थर.

आता तेच मधून सुरू करा. एच क्यूबिट ३वर. पहिल्या थरात ३वरून ४वर सीनॉट. दुसऱ्यात ३वरून २वर आणि त्याच वेळी ४वरून ५वर. तिसऱ्यात २वरून १वर आणि ५वरून ६वर. चौथ्यात १वरून ०वर आणि ६वरून ७वर. सीनॉट सातच, थर मात्र चार.

टू-क्यूबिट गेटला ३०० नॅनोसेकंद लागतात असं धरू. साखळीला २१०० नॅनोसेकंद लागले, मधून सुरू केलेल्याला १२००. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा हिशोब. साखळीत क्यूबिट ०चं काम पहिल्याच थरात संपतं आणि उरलेले सहा थर, म्हणजे १८०० नॅनोसेकंद, तो मापनाची वाट बघत राहतो. दुसऱ्या तऱ्हेत सर्वांत जास्त थांबतात ते ३ आणि ४, आणि तेही फक्त ६०० नॅनोसेकंद. क्यूबिटचा टी-वन, म्हणजे उत्तेजित अवस्था टिकण्याचा सरासरी काळ, १०० मायक्रोसेकंद धरला तर १८०० नॅनोसेकंदांत एकचा शून्य होण्याची शक्यता १.८ टक्के, आणि ६०० नॅनोसेकंदांत ०.६ टक्के. हा एका क्यूबिटचा हिशोब झाला. आठांचा करून बघा, कागदावर दहा मिनिटांचं काम आहे.

गेटांची संख्या दोन्हीकडे तीच आहे, हे लक्षात घ्या. नुसती गेटांची यादी बघणाऱ्याला ही दोन सर्किटं सारखीच दिसतील.

आता कोणी म्हणेल, झाडासारखं पसरवलं तर तीनच थर होतात: ०वरून १, मग ०वरून २ आणि १वरून ३, मग चारांवरून उरलेल्या चारांवर. कागदावर खरं आहे. पण त्यात क्यूबिट ०ला तीन शेजारी लागतात आणि आपल्या रांगेत कोणालाही दोनपेक्षा जास्त शेजारी नाहीत. मशीनचा नकाशा बघितल्याशिवाय ‘सर्वांत चांगलं’ सर्किट ठरत नाही.

आणि साखळीचं मधून-सुरू मध्ये रूपांतर ट्रान्सपायलर, म्हणजे सर्किट मशीनला चालेल अशा रूपात बदलणारं क्विस्किटचं टूल, करून देत नाही. तो गेट जुळवतो, उडवतो, जागा बदलतो. तुमच्या अल्गोरिदमची मांडणी बदलणं हे तुमचं काम. म्हणून ही पायरी कोणत्याही टूलच्या आधी.

पायरी ३: मोजायचं काय

सर्किटवर ‘डेप्थ’ मागितली की सगळे गेट धरून खोली, म्हणजे थरांची संख्या, मिळते. नव्यांनी या आकड्यावर विसंबू नये. आयबीएमच्या सुपरकंडक्टिंग मशीनवर आरझेड, म्हणजे क्यूबिटची फेज फिरवणारा गेट, प्रत्यक्षात चालवलाच जात नाही. पुढच्या पल्सची फेज तेवढी बदलली जाते. त्याला वेळ शून्य, चूकही शून्य. तुम्ही चाळीसचे तीस केले त्यातले दहा आरझेड असतील, तर मशीनच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही.

म्हणून तीन आकडे लिहून ठेवा: टू-क्यूबिट गेट किती, फक्त टू-क्यूबिट गेट धरून खोली किती, आणि वेळापत्रक लावल्यावर एकूण कालावधी किती. ‘डेप्थ’ला फिल्टर देता येतो, त्यात दोन क्यूबिटांचेच गेट मोजायला सांगा. ‘काउंट ऑप्स’ प्रकारानुसार संख्या देतं.

पायरी ४: ट्रान्सपायलर उघडून बघा

क्विस्किटचा ट्रान्सपायलर सहा टप्प्यांत काम करतो: सुरुवातीची साफसफाई, लेआउट, राउटिंग, भाषांतर, ऑप्टिमायझेशन आणि वेळापत्रक. लेआउट म्हणजे तुमचा कोणता क्यूबिट मशीनच्या कोणत्या क्यूबिटवर बसवायचा. राउटिंग म्हणजे दूर बसलेल्या दोघांना शेजारी आणणं. भाषांतर म्हणजे मशीनला येणाऱ्या मोजक्या गेटांत सगळं लिहिणं.

सर्वांत महाग पडतं राउटिंग. संध्याकाळच्या गच्च भरलेल्या लोकलमध्ये दादरला उतरायचं असेल तर माटुंग्यापासूनच पुढच्या माणसाशी जागा बदलत बदलत दाराशी जावं लागतं. स्वॅप गेट हेच करतं, आणि एक स्वॅप म्हणजे तीन सीनॉट. आयबीएमच्या हेवी-हेक्स जाळीत कोणत्याही क्यूबिटला जास्तीत जास्त तीन शेजारी असतात, त्यामुळे सर्किट बेफिकीरपणे लिहिलं तर स्वॅपांचा ढीग होतो. आयन-ट्रॅप मशीनवर कोणताही क्यूबिट कोणाशीही थेट बोलू शकतो, तिथे हा खर्च नाही. पण तिथले गेट सुपरकंडक्टिंगपेक्षा पुष्कळ सावकाश. त्यामुळे एका मशीनसाठी घासूनपुसून केलेलं सर्किट दुसऱ्यावर जसंच्या तसं नेऊ नका.

राउटिंगसाठी क्विस्किट सेबर नावाची पद्धत वापरतं, ती २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. ती यादृच्छिक सुरुवातीपासून शोध घेते. याचा व्यावहारिक अर्थ असा की तेच सर्किट पुन्हा ट्रान्सपाइल केलं तर वेगळं उत्तर येऊ शकतं. ‘सीड ट्रान्सपायलर’ हा पर्याय ठरवून द्या, वीस वेगवेगळे सीड लावून बघा, आणि टू-क्यूबिट खोली ज्यात सर्वांत कमी ते ठेवा. लहान सर्किटाला याला काही सेकंद लागतात. मशीनचा मोजका वेळ वाया घालवण्यापेक्षा लॅपटॉपचे हे सेकंद स्वस्त आहेत.

ऑप्टिमायझेशनच्या पातळ्या ० ते ३. शून्यावर फक्त गरजेचं भाषांतर आणि राउटिंग होतं. तीनवर लागोपाठ येणारे दोन-क्यूबिट तुकडे एकत्र करून ते नव्याने बांधले जातात. दोन क्यूबिटांवरची कोणतीही क्रिया जास्तीत जास्त तीन सीनॉटमध्ये बसते हे गणिताने सिद्ध आहे, म्हणून एखाद्या जोडीवर पाच-सहा सीनॉट साचले असतील तर ते तीनवर येतात. सीनॉटच्या कंट्रोलवरचा आरझेड पलीकडे सरकवता येतो, टार्गेटवरचा एक्सही. असं सरकवल्यावर समोरासमोर आलेले दोन सारखे सीनॉट एकमेकांना उडवतात. ट्रान्सपायलरचं अर्धं कसब या सरकवण्यात आहे.

एक खाचखळगा. ‘बॅरियर’ टाकला की त्याच्या पलीकडे काहीही सरकत नाही. चित्र नीट दिसावं म्हणून नवी मंडळी जागोजाग बॅरियर टाकतात आणि मग पातळी ३ला काही का सुधारत नाही म्हणून गोंधळतात. ट्रान्सपाइल करण्यापूर्वी ते काढा.

पायरी ५: दुसरं टूल, आणि पडताळणी

क्विस्किट शिकून झाल्यावरच इकडे या. टिकेट हे मूळ केंब्रिज क्वांटमचं, आता क्वांटिन्युअमचं टूल. पायथनमध्ये ते पायटिकेट नावाने येतं आणि ‘फुल पीपहोल ऑप्टिमाइज’ हा त्याचा पास चांगला सर्वसाधारण हातोडा आहे. क्विस्किटमधून सर्किट तिकडे नेऊन परत आणता येतं. बीक्यूस्किट हे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेचं. ते सर्किटाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा नव्याने शोधतं, त्यामुळे वेळ जास्त घेतं.

पायझेडएक्सची जात निराळी. ते सर्किटाचं झेडएक्स कॅल्क्युलसच्या आकृतीत रूपांतर करतं, आकृती सोपी करतं आणि परत सर्किट काढतं. टी गेट कमी करण्यात ते फार उपयोगी आहे, आणि पुढच्या काळातल्या त्रुटी-सुधारणाऱ्या मशीनवर टी गेटच महाग असणार आहेत. आजच्या मशीनवर मात्र महाग आहे तो सीनॉट, आणि आकृतीतून सर्किट परत काढताना सीनॉट वाढूही शकतात. म्हणून आज सर्किट चालवायचंय की दहा वर्षांनंतरच्या मशीनचा अंदाज बांधायचाय, हे आधी ठरवा.

कोणतंही टूल वापरा, नंतर पडताळणी करा. लहान सर्किटासाठी मापन काढून टाका, दोन्हींचं ‘ऑपरेटर’ (पूर्ण सर्किटाचं मॅट्रिक्स) बनवा आणि ‘इक्विव्ह’ने तुलना करा. ग्लोबल फेजचा, म्हणजे मापनात कधीच न दिसणारा, फरक ते सोडून देतं. ट्रान्सपाइल झालेल्या सर्किटात क्यूबिटांच्या जागा बदललेल्या असतात, त्यामुळे ऑपरेटर ‘फ्रॉम सर्किट’ने बनवायचा, तो लेआउट लक्षात घेतो. हे न केल्याने बरोबर सर्किट चुकीचं ठरवलं जातं. मोठ्या सर्किटासाठी म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाचं क्यूसीईसी हे टूल आहे, ते दोन सर्किटं समान आहेत का एवढंच तपासतं.

पायरी ६: वेळापत्रक

आतापर्यंत सर्किट क्रमाने होतं, अजून त्याला घड्याळ नव्हतं. ट्रान्सपाइल करताना ‘शेड्यूलिंग मेथड’ दिली की प्रत्येक गेटला सुरू होण्याची वेळ मिळते आणि रिकाम्या जागी ‘डिले’ भरले जातात. दोन पर्याय: एसॅप, म्हणजे जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, आणि अलॅप, म्हणजे जितक्या उशिरा जमेल तितक्या उशिरा. दोन्हींचं ‘टाइमलाइन ड्रॉअर’ने चित्र काढा आणि शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

गेटांसाठी अलॅप बहुतेक वेळा बरा. क्यूबिट शून्यात आहे तोवर त्याला जपायचं काही नसतं. शून्य ही तळाची अवस्था, तिथून आणखी खाली पडायला जागा नाही. म्हणून त्याला सुपरपोझिशनमध्ये जितकं उशिरा नेऊ तितकं चांगलं. पण साखळीतल्या क्यूबिट ०ला अलॅपचा काहीच फायदा होत नाही, कारण पुढचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत. त्याचं थांबणं मांडणीतच आहे. म्हणूनच दुसरी पायरी आधी घेतली.

थांबणं टळत नसेल तर डायनॅमिकल डीकपलिंग लावतात. रिकाम्या काळात एक्स पल्सची जोडी मारायची: पहिल्याने क्यूबिट उलटतो, दुसऱ्याने सुलटतो आणि दरम्यान हळूहळू साचलेली फेजची चूक बरीचशी फिटते. एक्सएक्स आणि एक्सवाय-फोर हे नेहमीचे क्रम. ऊर्जा गळून एकचा शून्य होणं यामुळे थांबत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. आणि रिकामी जागा फारच लहान असेल तर पल्सच्या स्वतःच्या चुका फायद्याला खाऊन टाकतात. लावून आणि न लावता, दोन्ही चालवून बघा.

पायरी ७: मापन कधी, कशाचं आणि किती वेळा

याच भागावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण शिकवण्यांत हा एका ओळीत उरकला जातो.

आधी ‘कधी’. सुपरकंडक्टिंग मशीनवर मापनाला एका गेटपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. त्या वेळातही क्यूबिट घसरत असतोच. वरच्या साखळीत क्यूबिट ०चं काम पहिल्या थरात संपलं, तर त्याचं मापन तिथेच का उरकू नये? गणित परवानगी देतं: कंट्रोल म्हणून वापरून झालेल्या क्यूबिटाचं शून्य-एकचं मापन आत्ता केलं काय नि शेवटी केलं काय, निकालांची शक्यता तीच. पण मशीनवर मापनाची मायक्रोवेव्ह पल्स शेजारच्या क्यूबिटांना थोडी हलवते, आणि शेजारी तेव्हा गेट चालू आहेत. मग थांबण्याची किंमत आणि शेजाऱ्याला धक्का देण्याची किंमत यांत निवड करावी लागते. साखळी लांब असेल तर लवकर मापन जिंकू शकतं. लहान असेल तर सगळ्यांचं शेवटी एकत्र मापन करणं साधं आणि पुरेसं.

इथे क्विस्किटची एक सवय माहीत हवी. ‘मेझर ऑल’ लिहिलं की ते आधी स्वतःहून बॅरियर टाकतं, त्यामुळे लवकर मापनाचा रस्ताच बंद. तो खुला ठेवायचा असेल तर ‘मेझर’ला क्यूबिट आणि क्लासिकल बिटांच्या याद्या स्वतः द्या.

आता ‘कशाचं’. हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा काढायची म्हणून शिकवण्यांत नेहमी एक दोन-क्यूबिट हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेचं सूत्र, येतं. ०.७३५ आंगस्ट्रॉम अंतराला त्याची पाच पदं अशी आहेत, हार्ट्री या ऊर्जेच्या एककात: आयआय −१.०५२४, आयझेड +०.३९७९, झेडआय −०.३९७९, झेडझेड −०.०११३ आणि एक्सएक्स +०.१८०९. प्रत्येक अक्षर एका क्यूबिटचं काय मोजायचं ते सांगतं, आय म्हणजे काहीच नाही. क्विस्किटमध्ये उजवीकडचं अक्षर क्यूबिट ०चं, हे पाठच करा. यावरून होणारे घोटाळे शोधायला सर्वांत अवघड असतात.

पाच पदं म्हणून पाच वेगवेगळी सर्किटं चालवायची गरज नाही. आयआय हा नुसता आकडा, तो मोजायचाच नाही. आयझेड, झेडआय आणि झेडझेड तिन्ही एकाच झेड-मापनाच्या निकालातून निघतात. एक्सएक्ससाठी दोन्ही क्यूबिटांवर एच लावून वेगळं मापन. म्हणजे दोन मांडण्यांत काम झालं. ‘स्पार्स पाउली ऑप’वरचं ‘ग्रुप कम्यूटिंग’, ‘क्यूबिट-वाइज’ चालू ठेवून, हे गट आपोआप पाडतं. पायटिकेट आणि पेनीलेन यांतही अशी सोय आहे. पदं शेकड्यांनी असतात तेव्हा कमीत कमी गट शोधणं हा ग्राफ रंगवण्यासारखा अवघड प्रश्न होतो. म्हणून टूल अंदाजी पद्धत वापरतात आणि मिळालेले गट सर्वांत कमी असतीलच असं नाही.

हाताने एकदा करून बघू. रेणूच्या तळाच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत १००० शॉट्सपैकी (एक शॉट म्हणजे सर्किट एकदा चालवून मोजणं) साधारण ९८८ वेळा ०१ आणि १२ वेळा १० येईल. ०१मध्ये डावा क्यूबिट शून्य, म्हणून झेडआय +१, आणि उजवा एक, म्हणून आयझेड −१. १०मध्ये उलट. सरासरी काढा: झेडआय ०.९७६, आयझेड −०.९७६, झेडझेड −१. एक्सएक्सची सरासरी −०.२२च्या आसपास येते. गुणकांनी गुणून बेरीज केली की −१.८६च्या जवळ पोचता, आणि खरं उत्तर −१.८५७३.

या निकालात एक मोठी सोय दडलेली आहे. आदर्श अवस्थेत ०० आणि ११ कधीच येत नाहीत. मशीनवर ते आले तर ती चूकच. ते शॉट बाजूला काढून उरलेल्यांवर हिशोब करता येतो. शिवाय कोणती चूक आहे याचाही माग लागतो. ०० पुष्कळ आणि ११ थोडे असतील, तर एकचे शून्य होताहेत. म्हणजे क्यूबिट फार वेळ थांबतोय किंवा मापनात घसरतोय. पायरी ६कडे परत जा. दोन्ही सारखेच असतील तर कारण दुसरीकडे शोधा, बहुधा गेटांत. हे निदान फुकट मिळतं आणि तरी फार थोडी माणसं ते बघतात.

राहिलं ‘किती वेळा’. एकूण शॉट दोन गटांत कसे वाटायचे? सहज वाटतं की एक्सएक्सचा गुणक लहान, त्याला थोडे द्यावेत. हिशोब वेगळं सांगतो. झेड-गटाचे निकाल जवळपास ठरलेले आहेत, म्हणून गुणक मोठा असूनही एका शॉटमागची अनिश्चितता ०.१७६ हार्ट्री. एक्सएक्सचे निकाल मात्र खूप हलतात, त्यामुळे गुणक लहान असूनही तिथली अनिश्चितता तीच, ०.१७६. तेव्हा निम्मे-निम्मे. गुणक बघून वाटणी केली असती तर एक्सएक्सने सगळं उत्तर डळमळीत केलं असतं. वाटणी गुणक आणि चढउतार यांच्या गुणाकारावर ठरवायची.

अनिश्चितता शॉट्सच्या वर्गमुळाने कमी होते. प्रत्येक गटाला १००० शॉट दिले तर एकूण चूक ०.००८ हार्ट्रीच्या जवळ राहते. रसायनशास्त्रात चालेल अशी अचूकता ०.००१६ हार्ट्री मानतात. तिथे पोचायला प्रत्येक गटाला २४ हजारांहून थोडे जास्त शॉट लागतात, आणि हे मशीन आदर्श धरून. दोन क्यूबिटांच्या रेणूला एवढे! गट कमी करण्याची धडपड का असते, ते या आकड्यावरून कळेल.

पायरी ८: खऱ्या मशीनवर

आयबीएमच्या मोफत योजनेत मशीनचा वेळ २८ दिवसांत १० मिनिटं असा मोजून मिळतो, तेव्हा वरचं सगळं लॅपटॉपवर झाल्यावरच तिकडे वळा. पाठवण्याआधी त्या दिवसाची कॅलिब्रेशनची माहिती उघडा. क्यूबिटांचे टी-वन, टी-टू (फेज टिकण्याचा काळ) आणि मापनातल्या चुका रोज बदलतात. कालचा चांगला क्यूबिट आज वाईट असू शकतो. ‘एस्टिमेटर’ (पदांच्या सरासऱ्या स्वतःच काढून देणारं क्विस्किटचं साधन) वापरणार असाल तर हॅमिल्टोनियनलाही ‘अप्लाय लेआउट’ करा, नाहीतर सर्किट एका क्यूबिटवर आणि मोजणी भलत्याच क्यूबिटची. सीड, पातळी, तिन्ही आकडे, बॅकएंडचं नाव आणि तारीख एका फाइलमध्ये उतरवा. महिन्याने तुलना करताना ती फाइल नसेल तर सगळी मेहनत वाया.

मुंबईकरांना या विषयात जवळचे आधार आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये डीआरडीओची पुण्यातली यंग सायंटिस्ट लॅबोरेटरी आणि कुलाब्याची टीआयएफआर यांनी ६ क्यूबिटांच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पाडल्याचं जाहीर झालं. क्यूबिट टीआयएफआरमध्ये घडवलेले, आणि क्लाउडवरून सर्किट पाठवण्याची सोय टीसीएसने केलेली. एप्रिल २०२३मध्ये मंजूर झालेल्या ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या चार केंद्रांपैकी सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. टीआयएफआरचे लोक ‘चाय अँड व्हाय’सारख्या कार्यक्रमांत सर्वसामान्यांशी बोलतात, तिथे जाऊन न बिचकता प्रश्न विचारा. क्यूबिट घडवणारी माणसं मापनाबद्दल जे सांगतात ते कोणत्याही डॉक्युमेंटेशनमध्ये इतकं स्पष्ट सापडत नाही.

पायरी ९: स्वतः करायचा एक प्रयोग

लपवलेली संख्या एकाच प्रश्नात ओळखणारा बर्नस्टीन-वाझिरानी हा अल्गोरिदम घ्या, ८ बिटांच्या गुप्त संख्येचा. नेहमीच्या पद्धतीने ९ क्यूबिट लागतात आणि आठही एकाच मदतनीस क्यूबिटाशी जोडावे लागतात. तुमची रांग एका क्यूबिटने वाढवून त्यावर तो ट्रान्सपाइल करा, किती स्वॅप पडले ते बघा.

मग तोच दोन क्यूबिटांत लिहा. पहिल्या बिटाचं काम करा, तो क्यूबिट मोजा, रीसेट करा, आणि तोच पुढच्या बिटासाठी वापरा. आठ फेऱ्या. स्वॅप एकही नाही, सीनॉट संख्येत जितके एक तितकेच. पण प्रत्येक फेरीत मापन आणि रीसेटचा वेळ जातो आणि तेवढा काळ मदतनीस क्यूबिट सुपरपोझिशनमध्ये ताटकळतो. तो प्रत्येक फेरीनंतर दुसऱ्याशी गुंतलेला राहत नाही, म्हणून त्यालाही दर वेळी रीसेट करून ताजा करता येतो. ताजा न करता आणि करून, अशा दोन आवृत्त्या बनवा. तिसरी ९ क्यूबिटांची. गुप्त संख्येत आधी सगळे एक ठेवा, मग एकच एक ठेवा, आणि तिन्ही आवृत्त्यांचे टू-क्यूबिट गेट, एकूण कालावधी आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण एका तक्त्यात मांडा. कोणती आवृत्ती कधी पुढे जाते ते त्या तक्त्यातून वाचता आलं, की तुमच्या स्वतःच्या सर्किटाला हात घाला.